चाळ सोडण्याआधी: गिरणगावातली खोलीवार नोंदवही

साचेवाल्याचा_नातू
२ नोव्हेंबर, रात्री १०.१२

आमच्या चाळीच्या पुनर्विकासासाठी लागणारी संमतीपत्रं अखेर जमली. करी रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवरची चाळ, तळमजला आणि वर तीन मजले, अठ्ठेचाळीस खोल्या. मार्चअखेर खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. नवीन घरात संडास आत असेल, लिफ्ट असेल, आईला दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने चढावे लागणार नाहीत. मला हे सगळं हवंय आणि संमतीपत्रावर सहीही मीच केली आहे.

दिवाळीनंतर माळा रिकामा करायला घेतला तेव्हा आजोबांची पत्र्याची पेटी खाली आली. आत गिरणीचं पितळी तिकीट (कामगाराचा नंबर असलेला बिल्ला), भाडेपावत्या आणि दोऱ्याने बांधलेला मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा होता. आजोबा राजापूर तालुक्यातले, गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. दर महिन्याला पगार झाला की चार-पाच दिवसांत गावी पैसे जायचे, एकही महिना चुकलेला नाही. शेवटची पावती जानेवारी १९८२ ची. १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरचं आईला आठवतं ते उलट्या दिशेचं: गावाहून एसटीच्या टपावर येणारं तांदळाचं पोतं, कुळीथ, एकदा फणस. म्हणजे ज्या घराला आजोबांनी तीस वर्षं पोसलं, त्या घराने मग त्यांना पोसलं. आमच्या घरातला हा इतिहास मला चाळिसाव्या वर्षी एका गठ्ठ्यामुळे कळला. तो गठ्ठा भंगारवाल्याकडे जायला निघाला होता.

त्या रात्री डोक्यात आलं की प्रत्येक खोलीत असा एखादा गठ्ठा असणार, आणि मार्चपर्यंत त्यातले बहुतेक रद्दीत जाणार. म्हणून एक मोठी नोंदवही आणली आणि खोलीवार पानं पाडली. प्रत्येक पानावर हे प्रश्न: खोलीत पहिला माणूस कधी आला, कुठल्या गावाहून, कोणाच्या ओळखीने? कुठली गिरणी, कुठलं खातं, कुठली पाळी? कायम की बदली (म्हणजे गरजेपुरता घेतलेला)? आणि शेवटचा प्रश्न, संपानंतर काय केलं?

आतापर्यंत नऊ खोल्या झाल्यात. पहिल्या प्रश्नांची उत्तरं भराभर येतात. शेवटच्या प्रश्नाला मात्र माणसं थांबतात. एक काका भिवंडीला यंत्रमागावर गेले, गिरणीत जे काम करायचे तेच, बारा तास आणि निम्म्याहून कमी पैशांत. एकांनी दादरला भाजी विकली. एकजण ज्या गिरणीत सतरा वर्षं सायझिंगला (सुताला खळ लावायच्या खात्यात) होते, तिच्याच फाटकावर पुढे वॉचमन झाले. सगळा मिळून अडीच लाख कामगारांचा संप होता, डॉ. दत्ता सामंतांनी तो पुकारला आणि रीतसर मागे कधीच घेतला गेला नाही, हे आपण सगळे वाचून आहोत. पण त्या अडीच लाखांतल्या प्रत्येकाचं पुढे काय झालं याची यादी कोणाकडेच नाही. आमच्या अठ्ठेचाळीस खोल्यांची तरी असावी.

आम्ही रविवारीच बसतो. आज एका काकूंना सांगितलं की ही रविवारची सुट्टीसुद्धा गिरणी कामगारांनी मिळवलेली आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या आणि १० जून १८९० ला साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. काकू म्हणाल्या, "मग ते पण लिव तुझ्या वहीत." पहिल्या पानावर लिहिलंय.

विकासकाच्या नकाशावर इमारतीला जे नाव आहे त्यात आमच्या चाळीच्या नावाचं एक अक्षर नाही. ते बदलून घ्यायची मागणी आम्ही करारात घालतो आहोत. तुमच्यापैकी कोणी असं काही केलं आहे का? आणखी काय विचारायला हवं? हे कागद कसे सांभाळायचे?


प्रभादेवी_फास्ट
२ नोव्हेंबर, रात्री ११.०५

वाचून आजोबांची आठवण आली. ते ज्युपिटर मिलमध्ये होते. २००५ मध्ये एनटीसीने (सरकारी नॅशनल टेक्सटाईल कॉर्पोरेशनने) ती जमीन २७६ कोटींना विकली आणि तिथे काचेचे टॉवर उभे राहिले. माझी दुसरी नोकरी त्यातल्याच एका टॉवरमध्ये होती. पहिल्या दिवशी गळ्यात ओळखपत्र अडकवून आत गेले आणि घरी येऊन आजोबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "भोंगा होतो का अजून?" मग आमचं जेवण होईपर्यंत ते बोलले नाहीत. तेव्हा मी काहीच लिहून ठेवलं नाही. तुम्ही लिहा.


वरळी_१६०
३ नोव्हेंबर, सकाळी ७.४८

उपक्रम चांगला आहे, पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी बीडीडीतली. १९२० नंतरच्या पाच-सहा वर्षांत सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या चाळी, एका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, मजल्यावरच्या वीस खोल्यांना मिळून सामाईक संडास. लग्न होऊन आले तेव्हा त्या खोलीत आम्ही आठ माणसं होतो. रात्रपाळीवाले दिवसा झोपायचे, म्हणून मुलांना गप्प बसवायचं. गरोदरपणात रात्री अंधाऱ्या कॉरिडॉरमधून जाताना मी भिंत धरून चालायचे. माझ्या सासूबाईंना शेवटची दोन वर्षं खोलीतच भांडं द्यावं लागलं आणि त्यांना त्याची फार लाज वाटायची.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या तेव्हा मी तिथे होते. पाचशे चौरस फूट. बायका संडासाचं दार उघडून बघत होत्या आणि रडत होत्या. चाळीतली माणुसकी, चाळीतले गणपती हे सगळं खरं आहे, मीही ते जगले आहे. पण तुमच्या वहीत नळावरची रांगही येऊ दे, टीबीने गेलेली माणसंही येऊ देत. नाहीतर पुढच्या पिढीला वाटेल की आम्ही सुखात होतो आणि आम्हाला कोणीतरी हुसकावलं.


साचेवाल्याचा_नातू
३ नोव्हेंबर, रात्री ९.३०

ताई, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. आजच नवीन प्रश्न घातला: खोलीत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं राहिली? पहिलंच उत्तर खोली क्रमांक १७ चं आलं, आणि त्याने मी अडकलो.

ती गावकीची खोली. पाटण तालुक्यातल्या एका गावाच्या मंडळाने भाड्याने घेतलेली. भिंतीला लागून ट्रंका, वर दोरीवर कपडे, आणि तीन पाळ्यांमुळे वळकटी आळीपाळीने. साठच्या दशकात तिथे एका वेळी तीस माणसं राहायची असं शेजारच्या आजी सांगतात. भाडेपावती मंडळाच्या नावावर. माणसांची नावं कुठेच नाहीत. आता तिथे मंडळाचा एकच म्हातारा सभासद राहतो आणि त्यांना नीट ऐकू येत नाही.


खानावळीची_नात
४ नोव्हेंबर, दुपारी २.२१

खोली १७ मधली तीस माणसं जेवत कुठे होती?

कुठल्यातरी बाईच्या हातचं. माझी आजी लालबागला एका खोलीत सोळा गड्यांचा डबा करायची. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा. पगार झाला की गडी पैसे द्यायचे आणि संपात महिनोन्महिने द्यायचे नाहीत. तरी तिने एकाचंही ताट बंद केलं नाही, स्वतःची पाटली गहाण टाकली. अशा बायकांना बँक दारात उभी करत नव्हती. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी, सावकाराच्या जागी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. मूळच्या गोव्याच्या, मुक्तिलढ्यात गोळी खाल्लेली बाई, आणि आयुष्य घातलं गिरणगावच्या चुलींसाठी.

तुमच्या नोंदवहीत "कुठली गिरणी, कुठलं खातं" असं विचारलंत की प्रत्येक खोलीतून पुरुषाचंच नाव येणार. बाईला वेगळं विचारा. आणि बायका गिरणीतही होत्या बरं. वायंडिंग आणि रिळिंग या सूत गुंडाळायच्या खात्यांत त्याच असायच्या, वरती नायकीण, म्हणजे बाई मुकादम. विसाच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे एक बाई होती. रात्रपाळीची बंदी आली, बाळंतपणाचा भत्ता द्यावा लागू लागला, नवी यंत्रं आली, आणि मालकांनी एकेक करून बायका कमी केल्या. ब्याऐंशीच्या संपापर्यंत त्या इतक्या थोड्या उरल्या होत्या की आपल्याला वाटतं गिरणी म्हणजे पुरुषांचंच जग.


साचेवाल्याचा_नातू
४ नोव्हेंबर, रात्री ११.४०

प्रत्येक खोलीला आता दोन पानं आहेत. दुसरं पान फक्त बायकांचं. स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. आजी चाळीतल्या तीन गड्यांचे डबे करायची हे आईने आज पहिल्यांदा सांगितलं.


जमिनीचा_हिशेब
५ नोव्हेंबर, सायंकाळी ६.१५

वहीच्या शेवटी चार पानं जमिनीसाठी ठेवा. माणसं कुठे गेली हे जमिनीशिवाय समजत नाही.

मुंबईत गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने ती विकायची वाट उघडली, पण अट होती: ढोबळमानाने एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, शेड पाडून मोकळी होणारी जागा त्यात धरायची नाही. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती कितीशी असते? बहुतेक सगळं आवार शेडखालीच असतं. त्या एका बदलाने मैदानं आणि घरं दोन्ही आटली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये बदलाच्या विरोधात निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ ला तो फिरवला.

तोवर विक्री सुरू झालीच होती. लोअर परळची मुंबई टेक्सटाईल मिल २००५ मध्ये ७०२ कोटींना गेली. त्यातलीच जमीन २०१२ मध्ये २,७२७ कोटींना पुन्हा विकली गेली. मधल्या सात वर्षांत ती जमीन कोणी नांगरली नाही, तिच्यावर सूत कातलं नाही. हा वाढावा कोणाच्या घामावर चढला हा प्रश्न मला झोपू देत नाही.

आणि कामगारांची घरं? पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज. २०१२ ला ६,९२५ घरांची सोडत, मार्च २०२० ला बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या ३,८९४ घरांची. २२५ चौरस फुटांचं घर, साडेनऊ लाख किंमत. उरलेल्यांसाठी आता शेलू आणि वांगणीचं नाव घेतात. करी रोडहून वांगणीला लोकलने दीड तास लागतो. सत्तरी उलटलेल्या माणसाला तिथे घर दिलं तर त्याला केईएम लांब पडतं, मुलाची नोकरी लांब पडते आणि ज्यांच्याशी बोलायचं ती माणसंही लांब पडतात. माझ्या मते मुंबईतल्या जमिनीवर झालेल्या अन्यायाची भरपाई मुंबईतच व्हायला हवी, यावर मी तडजोड करणार नाही.


पोयबावडी
५ नोव्हेंबर, रात्री १०.५०

धागा रोज वाचतोय. धागाकर्त्याच्या नावावरून एक गोष्ट लिहावीशी वाटली, राग मानू नका.

साचेखातं म्हणजे विणकामाचं खातं, गिरणीतला सगळ्यात चांगल्या मजुरीचा विभाग. तुमचे आजोबा साचेवाले होते. माझे पणजोबा त्याच काळात, त्याच भागात, थ्रॉसल खात्यात, म्हणजे सूत कातायच्या विभागात होते. ते हुशार होते, हात चालणारे होते, पण साच्यावर त्यांना उभं केलं नाही. धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळकांड्यातला) धागा संपला की नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धागा बाकीचे ओढणार नाहीत, म्हणून साचेखात्याचं दार आम्हाला बंद. पाण्याचा माठही वेगळा. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. तेव्हा ते परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या) चाळीत राहत होते, एकूण बावीस वर्षं राहिले, गिरणी कामगारांच्या शेजारी.

म्हणून तुमच्या वहीतल्या "खातं" या शब्दाकडे नीट बघा. चाळ कुठली, मजला कुठला, खातं कुठलं, खानावळ कुठली, या सगळ्यातून जात वाचता येते. १९०८ ला टिळकांच्या शिक्षेनंतर सहा दिवस गिरण्या बंद ठेवणारे कामगार आणि एकमेकांचा माठ वेगळा ठेवणारे कामगार, माणसं तीच होती. दोन्ही लिहा.


साचेवाल्याचा_नातू
६ नोव्हेंबर, सकाळी ६.५५

राग कसला मानू? रात्रभर तेच डोक्यात होतं. हे टोपणनाव मी अभिमानाने घेतलं होतं. आजोबांच्या कसबाचा अभिमान मला अजूनही आहे, पण तो साचा त्यांच्या वाट्याला आला तेव्हा कोणाच्या वाट्याला येऊ दिला नव्हता हे त्यांच्या पानावर लिहिणार आहे. तुमच्या पणजोबांबद्दल तुम्ही लिहून द्याल का? आमच्या चाळीतले नसले तरी त्यांचं पान असावं.


जुनी_मिल_सोलापूर
६ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

आमच्याकडे सोलापुरात गिरणी १८७७ ची. ती बंद पडून अर्धशतक उलटलं, तरी रिक्षावाल्याला "जुनी मिल" म्हटलं की तो बरोबर नेतो. नाव टिकलं की लहान मूल विचारतं, "जुनी मिल म्हणजे काय?" आणि मग १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, हे सगळं सांगता येतं. चाळीच्या नावाचा आग्रह सोडू नका. करारात लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका.


अँकोट्सहून
७ नोव्हेंबर, रात्री १.०८

मी मँचेस्टरला राहते, बालपण चिंचपोकळीचं. घराजवळ अँकोट्स आहे. कालव्याच्या काठी १७९८ पासून बांधत गेलेल्या मरे बंधूंच्या गिरण्या तिथे विटेला वीट धरून जपल्यात, आत आता महागडे फ्लॅट आहेत. आपल्याकडच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रं इथून जवळच असलेल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी बनवलेली होती, त्यामुळे त्या भिंतींजवळून जाताना मला परळच आठवतं.

पण इथे इमारती राहिल्या आणि कामगारांची घरं कधीच पाडली गेली. ज्यांच्या पणज्या तिथे राबल्या त्यातलं त्या फ्लॅटमध्ये कोणी राहत असेल असं वाटत नाही. गिरणगावात उलट झालं. गिरण्या गेल्या, पण माणसं अजून चाळीत आहेत, त्याच खोल्यांत, त्याच जिन्यावर बसलेली. जगातल्या फार थोड्या गिरण्यांच्या शहरांत हे उरलं असेल. तुमच्याकडे मार्चपर्यंत वेळ आहे. चिमणीचे फोटो नंतरही मिळतील, माणसांचे आवाज आधी रेकॉर्ड करा.


कागद_जपणारा
७ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

माझं काम अभिलेखागारातलं, म्हणून कागदांबद्दल थोडं.

लॅमिनेशन करू नका. लोक प्रेमाने करतात आणि कागद कायमचा मरतो. टाचण्या, स्टेपल आणि रबरबँड काढा, गंज आणि चिकटा त्यांनीच लागतो. आजोबांनी बांधलेला दोरा मात्र सोडण्याआधी गठ्ठ्याचा फोटो काढा, कुठली पावती कुठल्या पावतीवर होती हीसुद्धा माहितीच असते. खूण करायची तर मागच्या बाजूला, पेन्सिलीने. फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढा, फ्लॅश नको, शेजारी फूटपट्टी ठेवा. पितळी तिकीट घासून चकचकीत करू नका.

आवाज रेकॉर्ड करताना पंखा बंद करा आणि मालवणी बोलणाऱ्याला मालवणीतच बोलू द्या. सुरुवातीला तारीख, खोली आणि बोलणाऱ्याची परवानगी रेकॉर्ड करा. हातात एखादी वस्तू द्या. "संपाबद्दल सांगा" म्हटलं तर माणूस पेपरात वाचलेलं सांगतो, पावती हातात दिली तर त्या दिवसाचं सांगतो. प्रत तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक चाळीबाहेर.


साचेवाल्याचा_नातू
२३ नोव्हेंबर, रात्री १०.४५

तीन रविवार झाले. एकतीस खोल्या पूर्ण. चाळीचं नाव इमारतीला राहील असं कलम मसुद्यात आलं आहे, सही व्हायची आहे. प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर खोली क्रमांक आणि पहिल्या रहिवाशांची नावं लावायची मागणीही दिली आहे.

आज खोली १७ च्या आजोबांकडे गेलो. कागद_जपणारा यांनी सांगितलं तसं केलं. ऐकू येत नसल्यामुळे प्रश्न विचारलेच नाहीत, त्यांच्या हातात आमच्या आजोबांचं तिकीट ठेवलं. त्यांनी अंगठ्याने त्यावरचा आकडा चाचपला आणि स्वतःचा तिकीट नंबर मोठ्याने म्हटला. मग भिंतीकडे बोट करून, कोपऱ्यापासून, कोणाची ट्रंक कुठे होती ते सांगायला लागले. माणूस, त्याची गिरणी, त्याची पाळी. दाराशी पोचले तेव्हा बावीस झाले होते. काहींची पूर्ण नावं नाहीत, नुसतं "धाकला", "पैलवान", "भजनी". उरलेल्या आठ ट्रंका त्यांना आठवेनात, त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

पाटण तालुक्यातल्या कोणाच्या घरी आजोबा-पणजोबा करी रोडला गावकीच्या खोलीत राहिल्याची आठवण असेल, जुनं पत्र असेल, पाकिटावर "खोली नं. १७" असा पत्ता असेल, तर इथे लिहा किंवा मला निरोप पाठवा. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे पुन्हा जाणार आहे.